काय टांगणार?

आमच्या इमारतीत विरजण उसनं मिळतं,
मीठ, मेणबत्त्या, मयताला लागतात ती लांब बाकं,
चौथ्या मजल्यावरच्या दोदोचे काळे बूटसुद्धा
(नंबर एकोणचाळीस; पाय लहान असेल तर पुढे कापूस कोंबायचा).
लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही,
तर ते नाणंही कुणीतरी देतं.
तिबिलिसीच्या या टोकाला
दिल्याघेतल्याचं कुणी लिहून ठेवत नाही.

एक उशांगी सोडून.
त्याचं ड्रिल मशीन भाड्याने.
दोन लारी, वेळ कितीही लागो.

भिंती सोव्हिएत काळातल्या, नुसतं काँक्रीट.
खिळा वाकतो, हातोडी उलटी उडते,
अंगठा तोंडात धरून माणूस शेवटी
सातव्या मजल्यावर येतोच.

उशांगी त्याला दारात उभं करायचा.
"काय टांगणार?"
मग चष्मा शोधायचा, मग निळी वही.
घड्याळ, दोन.
पडद्याचा दांडा, दोन.
एसीला पाच, त्याचं पाणी माझ्या द्राक्षवेलीवर गळणार म्हणून.
लेकराच्या झोपाळ्याला एक.
आणि गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर फुकट,
वर स्वतः येऊन भोक पाडून द्यायचा.
अशा दिवशी हात थरथरतात, म्हणायचा,
बिट मोडलं तर नवं पंधरा लारींना पडतं.

चिक्कू मेला, म्हणायचे लोक जिन्यात,
मशीन काय छातीवर बांधून नेणार आहे?

नाही नेलं.
फेब्रुवारीत झोपेतच गेला.
थेस्सालोनिकीहून मुलगी आली, चार दिवसांत घर रिकामं केलं,
आणि मशीन माझ्या दारात ठेवलं, वहीसकट.
तुम्ही समोरच राहता ना, म्हणाली. एवढंच कारण.

आता रात्री मी ती वही वाचते.
वीस वर्षांची भोकं.
१२ नंबर, बॉक्सिंगची बॅग, दोन.
१२ नंबर, चार वर्षांनी, तीच भिंत, फुकट.
४१ नंबर, आरसा. पाच महिन्यांनी परत आरसा.
त्यानंतर परत.
(आम्ही आवाज ऐकत होतो. आम्ही टीव्ही मोठा करत होतो.)
नाझीब्रोलाबाईंनी आठ वर्षांत अकरा हूक मारले,
कशासाठी ते एकदाही सांगितलं नाही.
तिथे त्याने नुसतं लिहिलंय: सांगत नाही. दोन.

आणि ४३. लामारा. म्हणजे मी.
ऑक्टोबर. आरसा.

आरसाच सांगितलं होतं मी त्याला,
लिपस्टिक लावून, उसनं अवसान आणून.
मुर्मान पोलंडला जाऊन दोन वर्षं झाली होती,
वसंतात फोन थांबले होते.
बाजारात लोक त्याच्याबद्दल बोलताना
'होता' म्हणायला लागले होते,
त्याच्या आईने चर्चमध्ये मेणबत्ती लावली,
ती कुठल्या बाजूला लावली हे मी विचारलं नाही.

भोक मीच पाडलं. जरा तिरकं गेलं.
संध्याकाळी उशांगी मशीन न्यायला आला
तेव्हा दार अर्धंच उघडलं,
पायाने पांढरा भुगा गालिच्याखाली सारला,
दोन लारी त्याच्या हातावर ठेवल्या
आणि वाटलं, याला काही दिसलं नाही.

वहीत 'आरसा' एका रेघेने खोडलाय.
खाली बारीक अक्षरात:
नवऱ्याचा फोटो.

आणि पुढच्या रकान्यात, जिथे फुकट लिहायचा तो,
दोन लारी. घेतल्या.